नानांनी खोडलेली नावं

(ग्रंथालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मी आठवीत असताना या ग्रंथालयाची वर्गणीदार झाले. तेव्हा इथले ग्रंथपाल नाना पूर्वेच्या खिडकीशी बसायचे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला कागदी खिसा आणि खिशात एक कार्ड. पुस्तक घरी नेताना कार्डावर आपलं नाव लिहायचं आणि कार्ड नानांच्या पेटीत जायचं. पुस्तक परत आलं की नाना कार्ड काढायचे, तारीख टाकायचे आणि शाईच्या पेनाने वाचकाचं नाव सावकाश खोडून काढायचे. नुसती रेघ ओढून ते थांबत नसत. कार्ड उजेडासमोर धरलं तरी अक्षर लागू नये इतकं गिरगटायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुस्तक परत आलं ना? मग आता तुझं नाव कशाला हवं?"

त्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. आपल्या गावातल्या एक बाई काही दिवस कायद्याची पुस्तकं नेत होत्या. घटस्फोट, पोटगी, स्त्रीधन असे विषय. एक दिवस त्यांचे दीर इथे येऊन उभे राहिले आणि वहिनी काय वाचते ते दाखवा म्हणाले. नानांनी पुस्तकं काढली आणि कार्डं त्यांच्यापुढे ठेवली. कार्डांवर निळे-काळे डाग तेवढे होते. नानांना खोटं बोलावं लागलं नाही, वाद घालावा लागला नाही. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं. हा प्रसंग मला त्या बाईंनीच सांगितला, नाना गेल्यानंतर.

मी पुण्यात नेटवर्कचं काम करते. गेली अठरा वर्षं इतरांच्या तारांमधून काय वाहतं हे बघण्यावर माझं पोट आहे. नानांच्या नावाच्या व्याख्यानात व्हीपीएनसारखा विषय कशाला, असं कार्यवाहांनी मला प्रेमाने विचारलं होतं. उत्तर एवढंच, की व्हीपीएनची कंपनी निवडताना मी आजही नानांचाच प्रश्न विचारते. काम झाल्यावर माझं नाव यांच्याजवळ उरतं का?

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. तुमच्या फोनवरून तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा ती मागणी आधी तुम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्याकडे जाते. गावात तो केबलवाला असेल, नाहीतर मोबाइल कंपनी. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता, किती वेळ, हे त्याला दिसतं. साइटवर आत काय वाचलंत हे आता सहसा दिसत नाही, कारण बहुतेक साइट आपला मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात. पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस अशी अक्षरं असतात, ती त्याचीच खूण. पण पाकीट बंद असलं तरी त्यावरचा पत्ता पोस्टमनला वाचता येतोच. एखाद्या माणसाने मध्यरात्री दोन वाजता कर्करोग रुग्णालयाची साइट चार वेळा उघडली, एवढं कळलं तरी त्याच्या घरात काय चाललं आहे ते समजतं.

व्हीपीएन लावलं की तुमची प्रत्येक मागणी एका बंद नळीतून आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे. केबलवाल्याला फक्त एवढंच दिसतं की हा माणूस अमुक सर्व्हरशी बोलतो आहे. पलीकडच्या साइटलाही तुमचा पत्ता न दिसता त्या सर्व्हरचा दिसतो. आता विचार करा. केबलवाल्याला जे दिसत होतं, ते आता कोणाला दिसतं? व्हीपीएनवाल्याला. तुमची माहिती कोणाच्याच नजरेला पडत नाही असं होत नाही. नजर ठेवणारा बदलतो. आधीचा निदान तुमच्या गावचा होता, त्याचं दुकान तुम्हाला ठाऊक होतं. नवा कदाचित अशा बेटावर नोंदलेला असेल, ज्याचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही. म्हणून व्हीपीएन घ्यायचं की नाही यापेक्षा कोणाचं घ्यायचं हा प्रश्न फार मोठा आहे. तो चुकला तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखं होतं.

असं झालेलं आहे. ओनाव्हो नावाची एक इस्रायली कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. तिचं 'ओनाव्हो प्रोटेक्ट' हे व्हीपीएन फुकट मिळायचं आणि तुमची माहिती सुरक्षित ठेवतो असं सांगायचं. प्रत्यक्षात लोक कुठली ॲप किती वेळ वापरतात, हे फेसबुक त्या नळीतून मोजत होतं. व्हॉट्सॲप किती वेगाने वाढतं आहे हे त्यांना तिथूनच दिसलं, आणि २०१४ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲप घेतलं. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने २०१८ च्या डिसेंबरात फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं खुली केली, त्यात ही मोजदाद आहे. त्याच वर्षी ॲपलने ते ॲप आपल्या दुकानातून काढायला लावलं. पुढे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने कंपनीच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं.

होला नावाच्या फुकट व्हीपीएनची गोष्ट मला याहून जास्त अस्वस्थ करते. तिथे तुमचाच फोन किंवा संगणक दुसऱ्याचा सर्व्हर व्हायचा. तुमच्या घरच्या जोडणीतून परकी माणसं इंटरनेटवर फिरायची आणि तो रस्ता कंपनी दुसऱ्या नावाने पैसे घेऊन विकायची. २०१५ मध्ये याच रस्त्याने एका साइटवर हल्ला झाला तेव्हा लोकांना हे कळलं. दुसऱ्याने केलेल्या उद्योगाचा माग तुमच्या दाराशी येऊन थांबू शकतो, हा त्याचा अर्थ.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. ३८ टक्क्यांमध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्या. ७५ टक्क्यांमध्ये माग काढणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे तुकडे होते. आणि १८ टक्के ॲप तर मजकूर कुलूपबंदच करत नव्हती. माणूस कुलूप विकत घेतो आणि त्याला आत खटकाच नसतो!

माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझी मावसबहीण शारजाला असते, नवरा तिथे नोकरीला. मावशी कोल्हापुरात एकटी. व्हॉट्सॲपवर मेसेज तिथे चालतात, पण व्हॉट्सॲपवरून फोन लावता येत नाही. तिकडे ते बंद आहे. तेव्हा आईचा चेहरा दिसावा म्हणून तिने कोणीतरी सांगितलेलं एक फुकट व्हीपीएन घातलं. दिवाळीला आली तेव्हा फोन गरम होतो, बॅटरी उतरते, म्हणून माझ्याकडे दिला. मी परवानग्यांचं पान उघडलं. त्या ॲपला तिची सगळी नावं-नंबर हवे होते, ठिकाण हवं होतं, मेसेज वाचायचे होते. नळी टाकणाऱ्याला मेसेज कशाला वाचायचे असतात? गोपनीयतेचं धोरण उघडलं, तर कंपनीचा पत्ता लिहायच्या जागी पत्ताच नव्हता. एक ईमेल होता, तोही फुकटच्या खात्याचा. आणि तिच्या बँकेचे सगळे मेसेज त्याच फोनवर येत होते. आम्ही दोघी ओसरीवर बसून राहिलो. तिला मी रागावू शकले नाही. तिने काय केलं होतं? आईला बघायचं होतं.

ते ॲप आम्ही काढून टाकलं, बँकेचा पासवर्ड बदलला. मग मी तिला तिकडचा कायदा वाचून दाखवला. व्हीपीएनच्या आडून गुन्हा केला तर संयुक्त अरब अमिरातीत पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंड आहे, शिवाय तुरुंगवासही होऊ शकतो. तिथे परवानगी असलेलं बोटिम नावाचं फोनचं ॲप मिळतं. आता मायलेकी त्यावर बोलतात. म्हणजे माझ्या घरात व्हीपीएनच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर व्हीपीएन हे नव्हतंच. इथल्या अनेक घरांतली मुलं आखातात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणखी एक गैरसमज. व्हीपीएन घेतलं की फसवणूक होत नाही असं पुष्कळांना वाटतं. तुम्ही ओटीपी फोनवर सांगितलात तर जगातलं कुठलंही व्हीपीएन तुमचे पैसे वाचवू शकत नाही. गूगलमध्ये स्वतःच्या खात्याने शिरलात तर गूगलला तुम्ही कोण हे ठाऊकच आहे. सार्वजनिक वायफायची अतोनात भीती दाखवणारी एका मोठ्या कंपनीची जाहिरात २०१९ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने थांबवली होती. भीतीवर माल विकणाऱ्याकडे मी नेहमी संशयाने बघते. व्हीपीएनचं काम मर्यादित आहे: वाटेवरच्या माणसाला पत्ता दिसू न देणं आणि पलीकडच्याला तुमचं ठिकाण कळू न देणं. पत्रकाराला, वकिलाला, छळ सोसणाऱ्या बाईला, आजार लपवणाऱ्या माणसाला तेवढंही फार मोठं असतं.

मग पारख कशी करायची?

सगळ्या कंपन्या म्हणतात, आम्ही नोंदी ठेवत नाही. हे वाक्य आता साबणाच्या वडीवरच्या 'शुद्ध' शब्दासारखं झालं आहे. २०२० च्या जुलैत हाँगकाँगशी संबंधित सात व्हीपीएन ॲपच्या नोंदी एका उघड्या सर्व्हरवर सापडल्या. यूएफओ व्हीपीएन हे त्यातलं एक. १.२ टेराबाइट माहिती, त्यात लोकांच्या भेटींच्या नोंदी आणि काहींचे पासवर्ड. नोंदी न ठेवण्याचं वचन त्या प्रत्येकाने दिलेलं होतं. तेव्हा वचन बाजूला ठेवा आणि दारावर थाप पडली तेव्हा काय झालं ते बघा.

अमेरिकेत २०१६ मध्ये आयपीव्हॅनिशकडे एका तपासात माहिती मागितली गेली. नोंदी नाहीत असं जाहिरातीत सांगणाऱ्या त्या कंपनीने नोंदी काढून दिल्या. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका तरुणाला पकडलं. तो एका मुलीचा ऑनलाइन छळ करत होता. त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात प्युअरव्हीपीएनच्या नोंदी होत्या. इथे थोडं थांबते, कारण तुमच्या मनात येईल की बरं झालं की, पकडला गेला. मलाही तसंच वाटतं. तो पकडला जायलाच हवा होता, आणि त्या मुलीचं दुःख कुठल्याही तत्त्वाखाली झाकायचं नाही. पण त्याच कंपनीवर विसंबलेली, छळातून पळालेली एखादी दुसरी मुलगीही असणारच. तिला त्यांनी काय सांगितलं होतं? नोंदी ठेवायच्या असतील तर ठेवा, पण तसं लिहा. ज्याला घ्यायचं तो विचार करून घेईल.

आता उलट बाजू. २०१६ च्या डिसेंबरात अंकारात रशियाच्या राजदूतांची हत्या झाली. तपासात तुर्की अधिकाऱ्यांनी एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त केला आणि त्यात त्यांना उपयोगाचं काही सापडलं नाही. प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेसकडे २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने माहिती मागितली, तेव्हाही द्यायला काही नव्हतं. आणि १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला मुल्वाद या कंपनीच्या कार्यालयात सहा पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक त्यांना न्यायचे होते. कंपनीच्या लोकांनी त्यांना आपली यंत्रणा कशी चालते ते समजावून सांगितलं, तुम्ही शोधता ती माहिती इथे तयारच होत नाही म्हणाले. पोलिसांनी सरकारी वकिलांना विचारलं आणि रिकाम्या हाताने परत गेले.

या कंपनीचं खातं उघडताना नाव, ईमेल काही मागत नाहीत. सोळा आकडी एक क्रमांक मिळतो, तीच तुमची ओळख. पैसे पाकिटात घालून टपालानेही पाठवता येतात. महिन्याला पाच युरो, २००९ पासून तोच दर. दोन वर्षांची वर्गणी आज भरा आणि सत्तर टक्के सूट घ्या, असला प्रकार नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पूर्वेची खिडकी आठवली.

एवढ्यावर मात्र भागत नाही, कारण कंपनीचा मालक बदलतो. वर दोन चांगली उदाहरणं दिली, एक्स्प्रेसव्हीपीएन आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस. दोन्ही आज केप टेक्नॉलॉजीज या एकाच गटाची आहेत. एक्स्प्रेस त्यांनी २०२१ मध्ये ९३ कोटी ६० लाख डॉलरना घेतलं. या गटाचं जुनं नाव क्रॉसरायडर. त्यांच्या साधनांचा वापर करून अनेकांनी लोकांच्या ब्राउझरमध्ये नको असलेल्या जाहिराती घुसवल्या होत्या, आणि ते नाव २०१८ मध्ये बदललं. याच गटाने २०२१ मध्ये व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या साइटही विकत घेतल्या. म्हणजे 'सर्वोत्तम दहा व्हीपीएन' अशी यादी तुम्ही वाचता तेव्हा यादी लिहिणारा आणि माल विकणारा एकाच घरचा असू शकतो. आज त्या सेवा वाईट चालतात असं मी म्हणत नाही. मालक कोण आणि त्याचं आधीचं नाव काय होतं, हे सोयरीक जमवताना आपण विचारतो तसं विचारावं.

बाहेरच्या तपासनीसांचे अहवालही असतात. बर्लिनची क्युअर५३ किंवा मोठ्या लेखापरीक्षण संस्था येऊन सर्व्हर, ॲप तपासतात. ते असलेले बरे. पण ग्रंथालयात वर्षातून एकदा पुस्तकांची मोजदाद होते, तशीच ही. त्या दिवशी कपाट नीट होतं एवढंच त्यावरून कळतं. अहवाल पूर्ण वाचायला ठेवला आहे का, आणि दरवर्षी होतो का, हे बघावं. ॲपची संहिता खुली आहे का, हेही. प्रोटॉनने २०२० मध्ये आपल्या सगळ्या व्हीपीएन ॲपची संहिता खुली केली, मुल्वादचीही खुली आहे. आपल्याला ती वाचता येणार नाही, पण ज्यांना येते ते वाचतात आणि दोष निघाला तर बोलतात.

आता आपल्या देशाचं. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० ब खाली निर्देश काढले. भारतात सामान्य ग्राहकांना व्हीपीएन देणाऱ्याने ग्राहकाचं नाव, पडताळलेला पत्ता आणि फोन, दिलेले आयपी पत्ते, सेवा कशासाठी घेतली ते कारण, हे सगळं पाच वर्षं जपून ठेवावं, ग्राहक सोडून गेला तरीही. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळलं आहे. ग्राहक पडताळणीचा भाग २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. त्याआधीच एक्स्प्रेस, सर्फशार्क, नॉर्ड आणि प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे आज अशा ॲपमध्ये 'भारत' निवडलंत तरी यंत्र बहुधा सिंगापुरात किंवा आणखी कुठे असतं. आणि एखादी कंपनी आपले सर्व्हर खरोखर भारतातच आहेत म्हणत असेल, तर त्या पाच वर्षांच्या नोंदवहीचं काय केलंत, हे तिला विचारलं पाहिजे.

सरकारची अडचण मला कळते. डिजिटल अटकेच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी जाते आणि माग शोधत गेलं की परदेशी सर्व्हरवर वाट संपते. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यापुरती, न्यायालयाच्या आदेशाने, पुढची नोंद मागा. त्याला माझी हरकत नाही. पण संशय नसलेल्या प्रत्येकाची वही आधी भरून ठेवा, हे मला मान्य नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणीत बंदी-प्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात बहुमताने जो निकाल झाला, त्या बहुमतात धनंजय यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. वडिलांनी सामील होऊन दिलेला तो निकाल मुलाने आपल्या निकालपत्रात सदोष ठरवला. मराठी घरातली ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, तर त्या निकालाचा आशयही जपायला हवा. भरलेली वही कोणाच्या हाती कधी जाईल हे ती भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

माझ्या फोनमध्ये आज कुठलं व्हीपीएन आहे, असं व्याख्यानानंतर कोणीतरी विचारणारच. मुल्वाद आहे. पण ते उद्या विकलं गेलं तर मी परवा काढून टाकीन, म्हणून नाव लिहून घेऊ नका, प्रश्न लिहून घ्या. पैसे कोण देतं? मालक कोण? थाप पडली तेव्हा काय निघालं? खातं उघडताना काय काय मागतात? पंधरा मिनिटांत एवढं शोधता येतं. शोधूनही सापडत नसेल तर तेही उत्तरच आहे.

विश्वस्तांना एक विनंती करून थांबते. ग्रंथालयाचं संगणकीकरण सुरू आहे आणि त्यासाठी कोहा हे सॉफ्टवेअर घेतलं आहे, हे ऐकून आनंद झाला. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं, खुल्या संहितेचं, चांगलं सॉफ्टवेअर आहे ते. आज दुपारी मी कार्यालयात बसून त्याची मांडणी बघितली. वाचकाने परत केलेल्या पुस्तकांशी त्याचं नाव जोडून ठेवायचं की नाही, याची त्यात सोय असते. वाचकांच्या वर्गवारीत खाजगीपणाचा रकाना आहे आणि त्यात 'नेव्हर' असा पर्याय आहे. सोबत एक निनावी वाचक तयार करून ठेवावा लागतो. एवढं केलं की पुस्तक परत आल्याबरोबर नाव सुटतं. आपल्याकडे तो पर्याय अजून निवडलेला नाही. एकवीसशे वर्गणीदारांची नावं सोमवारपासून भरायला घेणार आहात. मी उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे, पण रात्री इथेच मुक्कामाला आहे. कार्यवाहांनी संगणकाची किल्ली दिली, तर जेवणाआधी बसून ते करून टाकू.